जाहीर केलेली रक्कम

बार्रा सेका, २ फेब्रुवारी १९९९

प्रिमो तिनो,

तुझं नाताळचं पत्र आणि डिग्नाने पाठवलेले पन्नास डॉलर तिकडे नेहमी ये-जा करणाऱ्या लेओनाने आणून दिले. तुझ्या लेकीला माझा आशीर्वाद सांग. पैसे पत्र्यांवर खर्च झाले. वादळाने आमचं छप्पर नेलं ते अजून सापडलेलं नाही. दुसऱ्या कुणाचं तरी अर्धं छप्पर आमच्या अंगणात येऊन पडलं होतं, ते मी ठेवून घेतलं. मागायला कुणी आलं नाही.

पाव भाजायची भट्टी पुन्हा बांधली. पहिले दोन घाणे करपले. लोकांनी तेही खाल्ले, यावरून इथे काय अवस्था आहे ते समज.

आता कामाचं. नदीपलीकडच्या आपल्या कसाव्याच्या शेतांवर जमीनदार डॉन एव्हेलिओने तारा ओढायला घेतल्या आहेत. पुराने खुणेची झाडं वाहून गेली, म्हणून तो म्हणतो की हद्द कुठे होती हे आता कुणी सांगू शकत नाही. तुझी आई आणि माझी आई त्या जमिनीत पाठ मोडेपर्यंत राबल्या, पण त्याचा कागद नाही. वकील म्हणतो की एप्रिल संपायच्या आत मोजणीचे आणि पट्ट्याचे पैसे भरले तर जमीन गावाच्या नावावर होईल, नाहीतर तारा ओढल्या तिथे हद्द धरली जाईल. मला इथल्या गावकऱ्यांच्या क्लबची अध्यक्ष करून ठेवलंय, तेव्हा सगळे सकाळी पाव घ्यायला येतात आणि पैशांचं काय झालं ते विचारतात.

तुम्ही तिकडे नाचगाणी करून पैसे जमवलेत असं ऐकलं. देव तुमचं भलं करो. पण ते बँकेतून पाठवू नका. आपल्या क्लबची सरकारदरबारी नोंद नाही, त्यामुळे खातं माझ्या नावावर काढावं लागेल. आणि त्रुहियोच्या बँकेत माझ्यासारख्या पाववालीच्या नावावर एवढी रक्कम आली की जेवणाच्या वेळेपर्यंत डॉन एव्हेलिओच्या कानावर जाईल. कुणीतरी हातात घेऊन या. आणि जो येईल त्याला सांग, विमानतळावर तोंड उघडू नकोस. क्रिसांतो बेर्नार्देस गेल्या वर्षी आला, शहाण्यासारखा कागद भरून आला, आणि घरी पोचायच्या आत रस्त्यात लुटला गेला. चोरांनी त्याला आकडासुद्धा सांगितला. कपड्यात शिवून आणा, पोटाला बांधा, काय वाटेल ते करा.

आमचा पोरगा सेबिओ घरी आलाय. सान पेद्रोच्या कापड कारखान्यात पाणी शिरलं आणि याचं काम गेलं. चोवीस वर्षांचा घोडा दिवसभर हॅमॉकमध्ये पडलेला बघून जीव तुटतो, पण घरात पुरुषाचा आवाज आहे याचं बरंही वाटतं. जो कुणी येईल त्याला सेइबाच्या विमानतळावर घ्यायला तो जाईल. त्याच्या मित्राची गाडी आहे.

तुझी बहीण,
मार्सेलिना

*

ब्रॉन्क्स, २८ फेब्रुवारी १९९९

प्रिमा मार्सेलिना,

जो कुणी येणार तो मीच आहे. इथल्या आपल्या गाववाल्यांच्या क्लबने ठरवलं. मी म्हटलं, माझं वय एकसष्ट, गुडघे दुखतात, कुणी तरुण पाठवा. डोन्या इनोसेन्सिया म्हणाल्या, तरुणाच्या हाती एवढे पैसे दिले तर आम्हाला झोप लागणार नाही. यात माझं कौतुक झालं की अपमान, हे मला अजून कळलेलं नाही.

रक्कम सोळा हजार तीनशे डॉलर. तीन वेळा नाच झाला, चर्चच्या तळघरात बायकांनी कुटलेल्या केळ्यांचं आणि नारळाच्या रसातल्या माशांचं जेवण विकलं. उरलेलं लोकांनी खिशातून दिलं. इथे दुसऱ्यांची म्हातारी माणसं धुऊन-पुसून पोट भरणाऱ्या बायकांनी शंभर-शंभर दिले. मी पाहिलंय त्यांना देताना.

आता तुझ्या सूचनेबद्दल. रागावू नकोस, पण मी कागद भरून येणार आहे. वकिलाला विचारलं. दहा हजारांच्या वर नेत असलात तर लिहून द्यायचं एवढंच, कर नाही, दंड नाही. लिहिलं नाही आणि सापडलं, तर सगळे पैसे जप्त. इनोसेन्सिया म्हणाल्या, दोघातिघांत वाटून घेऊ म्हणजे प्रत्येकाकडे कमी दिसतील. वकील म्हणाला, मुद्दाम तसं केलं तर तोही गुन्हाच. शिवाय तिकिटाला पैसे एकाच्याच आहेत.

मी वीस वर्षं जहाजावर काढली. बंदरात एकाच्या बुटात दोनशे डॉलर सापडले, त्याचेच होते, घामाचे होते, पण बुटात होते म्हणून तो गेला तो परत जहाजावर आला नाही. लपवलेली वस्तू धरली गेली की माणूस चोर ठरतो. लिहून दिलेली वस्तू लुटली गेली तर निदान चोर दुसरा असतो. आणि हे पैसे माझे नाहीत, मार्सेलिना. स्वतःचे असते तर कदाचित पोटाला बांधले असते.

एक मात्र कर. दिवस तुला आणि सेबिओला सोडून कुणाला कळू देऊ नकोस. पाद्रीबाबांनाही नाही.

अकरा वर्षांनी येतोय. माझ्यासाठी करपलेला नसेल असा एक पाव ठेव.

तुझा,
तिनो

*

बार्रा सेका, १९ मार्च १९९९

तिनो,

तू लहानपणीही असाच होतास. सगळी पोरं आंबे चोरायची आणि तू आधी विचारायला जायचास, आणि मार सगळ्यांना बसायचा. कर तुला हवं ते. नंतर मला म्हणू नकोस की सांगितलं नव्हतं.

जमलं तर जवळचं वाचायचा चष्मा आण, आणि गुडघ्यांचं ते हिरव्या डबीतलं मलम. सेबिओ तर कॅलेंडरसमोर उभा राहतो. तिओ तिनो कधी येणार, कुठल्या विमानाने, सामान किती असेल. एवढी माया त्याने माझ्यावर कधी दाखवली नाही. अंगात हुशारी आल्यासारखी वाटते, सकाळी उठून आंघोळ करतो. त्याचं लग्नाचं काही जमतंय का कोण जाणे. नोल्व्हिया नावाची एक मुलगी दोनदा विचारत आली होती.

नीट ये.

मार्सेलिना

*

ब्रॉन्क्स, ९ मे १९९९

प्रिमा मार्सेलिना,

गळ्याजवळचं हाड अजून जुळलेलं नाही, म्हणून अक्षर असं आहे. डिग्ना म्हणत होती की मी सांगावं आणि तिने लिहावं. हे पत्र दुसऱ्याच्या हाताने लिहायचं नव्हतं.

सेइबाच्या इस्पितळात मी बारा दिवस होतो. तू सेबिओला माती दिलीस तेव्हा मी तिथे पडलेलो होतो, आणि मग डिग्ना आली आणि तिथूनच मला विमानात घालून घेऊन आली. तुझ्या दारात आलो नाही. हे मी कधी विसरणार नाही. तू लेओनाकडून निरोप दिलास की काय झालं ते सगळं कळव. कळवतो.

न्यूयॉर्कहून निघालो तेव्हा पैसे बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात होते. तपासणीच्या पट्ट्यावर पिशवी ठेवली. पडद्यावर पत्र्याचा डबा काळा ठोकळा दिसतो, आत काय आहे ते कळत नाही, हे मला कुठे माहीत. तिथल्या मुलीने पट्टा थांबवला आणि डबा उघडायला सांगितला. मी तिला हळूच म्हणालो की आत पैसे आहेत, बाजूला उघडू. तिला ते संशयाचं वाटलं असावं. तिने तिथेच झाकण काढलं. माझ्यामागे रांग होती. ती सगळी वाकून बघायला लागली.

मग एक पोलीस कुत्रा घेऊन आला. मला लहानशा खोलीत बसवलं. काय काम करता? इमारतीत झाडपूस, बॉयलर, कचरा. मग एवढे पैसे कुठून? मी क्लबचं पत्र दाखवलं, भरलेला कागद दाखवला, जमिनीचं सांगितलं. दोघं जण नोटा मोजत होते आणि तिसरा मला पुन्हा पुन्हा तेच विचारत होता, जरा शब्द बदलून. मी प्रत्येक वेळी तेच सांगितलं. खरं सांगणाऱ्याला एवढी एक सोय असते. शेवटी एक जण म्हणाला, "आजोबा, जगात बँका आहेत." मी म्हटलं, तुमच्या जगात आहेत. विमानात सगळ्यात शेवटी चढलो. लोक बघत होते.

मायामीत विमान बदलायचं होतं. तिथल्या कचेरीत कागद दिला. तिथला अधिकारी चांगला होता. शिक्का मारला आणि म्हणाला, आपणहून येणारे फार थोडे असतात, सर. मार्सेलिना, या देशात गणवेशातल्या माणसाने मला पहिल्यांदा सर म्हटलं. मला केवढा अभिमान वाटला. मनात म्हटलं, बघ, मार्सेलिनाला सांगेन.

सेइबाला उतरल्यावर पुन्हा लिहून दिलं. तिथे खोली नव्हती. काचेच्या भिंतीजवळ टेबल होतं, त्यावर डबा उपडा केला. एक मोजत होता आणि दुसऱ्याला ओरडून आकडा सांगत होता. काचेपलीकडे हमाल, टॅक्सीवाले, पाहुण्यांना घ्यायला आलेली माणसं उभी होती. त्यांच्यातच सेबिओ होता. त्याने हात हलवला. मी पण हलवला. तेव्हा मला कळायला हवं होतं की आत्ताच सेइबात राहावं, दोन दिवसांनी दुसऱ्या गाडीने जावं. पण घर एवढं जवळ आलं होतं.

वाटेत सेबिओ फारसा बोलला नाही. मीच बोलत होतो, अकरा वर्षांचं. अगुआन नदीच्या अलीकडच्या त्या ओढ्यावर पूल राहिलेला नाही, गाडी पात्रात उतरवावी लागते, तिथे ओंडका आडवा टाकलेला होता. तीन माणसं होती, तोंडाला फडकी. त्यांनी डबा मागितला, बिस्किटांचा डबाच म्हणाले. डबा दिला. तरी एकाने मला बंदुकीच्या दस्त्याने मारलं. सेबिओवर गोळी झाडली. मी शुद्धीवर आलो तेव्हा पाणी माझ्या कानात जात होतं आणि तो माझ्या शेजारी होता. तो गेलेला होता.

विमानतळावरून बातमी गेली. दुसरं काय असणार. कागद मी भरला. तू नको म्हणाली होतीस.

यापेक्षा जास्त मला लिहिता येत नाही. चष्मा आणि मलम पिशवीत राहिलं. पिशवी पोलिसांकडे आहे.

तिनो

*

बार्रा सेका, २० जून १९९९

तिनो,

पत्र मिळालं. नऊ दिवसांची प्रार्थना झाली, ढोल झाले, रात्रभर लोक बसले. सगळं रीतीप्रमाणे झालं. त्याच्या बापाच्या शेजारी ठेवला.

एप्रिल संपला. वकिलाने हात वर केले. डॉन एव्हेलिओच्या तारा आता नदीला भिडल्या आहेत आणि तिथे एक राखणदार बसवलाय, बंदूक घेऊन. आमच्या बायकांनी लावलेला कसावा आत आहे. तो तयार होतोय आणि आम्ही बाहेरून बघतो.

तुला लोक काय बोलतात ते लपवून काय उपयोग. काही म्हणतात, तिनोने पैसे आधीच कुठेतरी ठेवले आणि रिकामा डबा लुटवला. मी त्यांना सांगितलं, गळ्याजवळचं हाड कुणी स्वतः मोडून घेत नाही. बाकीचे म्हणतात, शहाणपणा नडला. त्यांना मी काही सांगितलं नाही, कारण तेच मी तुला लिहिलं होतं. तू ऐकलं नाहीस. लिहून देणारा माणूस. तुला सर म्हणवून घ्यायचं होतं.

एक विचारते. ती माणसं आणखी काय बोलली? तुझ्या पत्रात फक्त डबा मागितला एवढंच आहे. आणि सेबिओ शेवटी काही बोलला का? मला सगळं हवंय, तुला क्षुल्लक वाटलं तरी. कुणी कुणाला काय म्हटलं, ते आठव आणि लिही.

मार्सेलिना

*

ब्रॉन्क्स, १८ जुलै १९९९

प्रिमा मार्सेलिना,

तू लिहिलंस ते सगळं खरं आहे. मला सर म्हणवून घ्यायचं होतंच.

इथे क्लबच्या बैठकीत मी उभा राहिलो आणि सांगितलं की चूक माझी. डोन्या इनोसेन्सिया रडल्या. खजिनदार म्हणून माझ्याकडे असलेली किल्ली आणि शिक्का मी देऊन टाकला. आता दुसऱ्या एका इमारतीचीही झाडपूस घेतली आहे. यासोबत दीडशे डॉलरची मनीऑर्डर आहे, दर महिन्याला येईल. शंभर गावाचे. पन्नास सेबिओच्या थडग्याच्या दगडासाठी, आणि दगड झाला की तुझ्यासाठी. माझ्या हयातीत सगळे फिटणार नाहीत, पण डिग्नाला सांगून ठेवलंय.

आता तू विचारलंस ते. त्या माणसांचं काही आठवत नाही, डोक्याला मार होता. पण सेबिओचं आठवतं, आणि ते मी पहिल्या पत्रात लिहायला हवं होतं. दुसरा तडाखा माझ्या डोक्यावर बसणार होता. तो मध्ये पडला. त्याने बंदुकीची नळी दोन्ही हातांनी धरली, आणि गोळी सुटली. तुझ्या मुलाने मला वाचवलं, मार्सेलिना. मी जिवंत आहे तो त्याच्यामुळे. हे गावात सगळ्यांना सांग.

तुझा,
तिनो

*

बार्रा सेका, ३ ऑक्टोबर १९९९

तिनो,

तुझ्या तीन मनीऑर्डरी आल्या. तिन्ही तशाच ठेवल्या आहेत, लेओना परत आणून देईल. आता पाठवू नकोस. का, ते सांगते. वाचताना डिग्ना जवळ नसू दे.

तुझं पत्र मी सभेत वाचून दाखवलं. तू सांगितलंस म्हणून, आणि मलाही वाटलं की आई म्हणून एवढं तरी पदरात घ्यावं. लोक हेलावले. शाळेशेजारी गावाचं नवं सभागृह बांधतायत, त्याला सेबिओचं नाव द्यायचं ठरलं. रंगाऱ्याने दारावर निळ्या अक्षरांत नाव लिहिलं. यूसेबिओ नोरालेस. बायका पाव घ्यायला येतात आणि सुटे परत घेत नाहीत, म्हणतात राहू दे, तू त्याची आई.

तिनो, बातमी विमानतळावरून गेली नव्हती. सेबिओने दिली होती.

नोल्व्हियाने सांगितलं. प्रार्थनेच्या तिसऱ्या दिवशी ती मागच्या दाराने आली आणि चुलीपाशी बसून सांगितलं. तिला दिवस गेले होते, त्याचेच. त्याने त्या लोकांना दिवस आणि जागा सांगितली होती, बदल्यात चौथा हिस्सा. गाडी दिलेला मित्रही त्यांच्यातलाच. सेबिओ तिला म्हणाला होता की म्हाताऱ्याला कुणी बोट लावणार नाही, फडकी बांधतील, डबा घेतील आणि जातील, आणि आपण सान पेद्रोला खोली घेऊ. म्हणाला, जमिनीचं काय, ती तशीही जाणारच आहे. पुढे काय बिनसलं ते तिला माहीत नाही. मी समजले की हिस्सा द्यायचा नव्हता म्हणून त्यांनी त्याला मारला.

म्हणजे मी जूनमध्ये तुला पत्र लिहिलं तेव्हा मला सगळं माहीत होतं. माहीत असून मी लिहिलं की तू ऐकलं नाहीस. तुला काय काय आठवतं ते विचारलं ते मायेने विचारलं नव्हतं. तू काही ऐकलंस का, ते मला काढून घ्यायचं होतं. तू म्हणालास काही आठवत नाही, आणि मला हायसं वाटलं. देवाशपथ सांगते, हायसं वाटलं. आणि वर तू माझ्या मुलाचे पांग फेडायला दुसरी इमारत झाडतोस.

मी गप्प राहू शकले असते. पण ते नाव. रोज पाव घेऊन त्या दारावरून जावं लागतं. म्हातारी सांतोस, जिचा सगळा कसावा तारेच्या आत गेला, ती त्या दाराला हात लावून कपाळाला लावते. काल तिने माझ्यादेखत लावला.

येत्या रविवारी सभा आहे. तिथे मी सांगणार आहे. नोल्व्हिया रडते, म्हणते बाळाला काय तोंड राहील. मी म्हटलं, बाळ खरं बोललेल्या आजीचं तोंड घेईल, आत्ता माझं आहे त्यापेक्षा ते बरं.

मला माफ कर असं लिहीत नाही. तू करशील, आणि मला ते नको आहे.

मार्सेलिना

*

ब्रॉन्क्स, २० ऑक्टोबर १९९९

मार्सेलिना,

पत्र आज मिळालं. रविवार केव्हाच होऊन गेला. तरी लिहितो, कदाचित तुझं धाडस झालं नसेल. झालं नसेल तर सांगू नकोस.

मला माहीत होतं. त्या ओढ्यात ओंडका दिसला तेव्हा सेबिओने ब्रेक दाबला, पण तो दचकला नाही. एक जण म्हणाला, "सेबिओ, तू उतर." नावाने. आणि तो उतरला, हात खाली, घाईत नाही. मी डबा मांडीवर धरून त्याच्याकडे बघत होतो आणि तो माझ्याकडे बघत नव्हता. मला तिथेच सगळं कळलं. इस्पितळात पोलीस विचारायला आले तेव्हा मी विमानतळाचं सांगितलं. मग तेच सगळ्यांना सांगितलं. कागद मी भरलाच होता, तेव्हा खोटं फार बोलावं लागलं नाही.

मी तुझ्यासाठी बोललो. तुझा मुलगा गेला होता, त्याच्याबरोबर तुझं नावही जावं असं मला नको होतं. तू मला दोष दिलास तेव्हा वाटलं, चला, लागू पडलं.

पण तू लिहिलंस की हिस्सा द्यायचा नव्हता म्हणून मारलं. ते तसं नाही. जुलैच्या पत्रातली माझी गोष्ट खोटी होती असं तुला वाटत असेल, ती खोटी नाही. मी डबा लगेच सोडला नाही. माझीच चूक. लोकांचे पैसे आहेत, मी नुसता धरून बसलो. तेव्हा एकाने दस्ता मारला, हाड मोडल्याचा आवाज झाला. सेबिओ ओरडला, "हात लावणार नाही म्हणाला होतात." आणि तो मध्ये आला. दुसऱ्या तडाख्याला त्याने नळी पकडली. तो सोडत नव्हता. त्यांनी त्याला दोनदा सांगितलं, सोड. माझ्यासमोर सांगितलं. सोडली असती तर तो आज सान पेद्रोला खोलीत असता.

मला विकलंही त्यानेच आणि वाचवलंही त्यानेच. दोन्ही एकाच दुपारी. सहा महिने मी झाडू मारताना यांतलं कुठलं खरं धरावं याचा विचार करतो आहे. मला वाटतं, तुलाही दोन्ही हवीत.

मनीऑर्डरी परत पाठवू नकोस. बाळासाठी ठेव.

तिनो

*

बार्रा सेका, १४ नोव्हेंबर १९९९

प्रिमो तिनो,

मी रविवारी सांगितलं. तुझं पत्र लेओनाने सभेनंतर चार आठवड्यांनी आणलं.

सभेत कुणी ओरडलं नाही. मी ओरडण्याची तयारी करून गेले होते. एकेक जण उठला आणि निघून गेला, शेवटी मी, पाद्रीबाबा आणि बाकडी राहिलो. दुसऱ्या दिवशी रंगाऱ्याने दारावर चुना फासला. अक्षरं खालून थोडी दिसतात, तो म्हणतो उन्हाळ्यात दुसरा हात देईन. क्लबवर आता दुसरी अध्यक्ष आहे. पाव तिघी-चौघीच घेतात, आणि त्या पैसे मोजून ठेवून जातात, बोलत नाहीत. म्हातारी सांतोस येत नाही. उरलेले पाव मी बोटीने पलीकडच्या गावात विकते, तिथे मला कुणी ओळखत नाही.

तुझ्याबद्दल मात्र आता कुणी वाईट बोलत नाही. ते एक मी फेडलं.

नोल्व्हियाला मुलगी झाली. मी तुझं पत्र तिला वाचून दाखवलं. तिने पुन्हा वाचायला सांगितलं, त्या जागेपासून, जिथे तो नळी सोडत नाही. मी वाचलं. ती म्हणाली, हे गावाला वाचून दाखवा. तिनो, मी दाखवणार नाही. मागे तुझं पत्र वाचलं तेव्हा त्यांनी विश्वास ठेवला. आता हेच पुन्हा वाचलं तर म्हणतील, आईने लिहवून घेतलं.

ते घरातच राहील. मुलगी मोठी झाली की तिला सांगू, आधी विकलं ते आणि मग वाचवलं ते, त्याच क्रमाने.

पैसे ठेवले आहेत. आणखी पाठवू नकोस. गुडघ्यांचं मलम मिळालं तर तेवढं पाठव.

मार्सेलिना